बिनधुराचा फोटो

परवा प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होतो आणि खिडकीतून तो वास आला. शेण, सुकं गवत, ऐनाची पानं आणि माती एकत्र धुमसायला लागली की येतो, तो वास. किन्हवलीच्या ह्या शाळेत मी बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. अमोनियापासून कुजक्या अंड्यांचा वास मारणाऱ्या वायूपर्यंत सगळं माझ्या नाकाखालून गेलं आहे, पण ह्या एका वासाला नाक अजून सरावलेलं नाही. तो आला की हात आपोआप गळ्याशी जातो आणि कॅमेऱ्याचा पट्टा चाचपू लागतो. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "काय हो, काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही." खरं उत्तर द्यायचं तर अर्धा तास लागला असता, आणि अर्ध्या तासानंतरही काय हरवलं ते मला धड सांगता आलं असतं असं नाही.

राबाचे दिवस पुन्हा आले आहेत, एवढंच. आमच्या शहापूर-मुरबाडकडे फाल्गुन सरता सरता राब भाजायला घेतात. भाताची रोपं जिथे टाकायची तेवढ्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाचोळा, गवत असे थर पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं. पेटवायचं म्हणजे भडकवायचं नव्हे. जाळ उठला तर वरचं वर जळून जातं आणि खालची जमीन थंडच राहते. सावकाश, धुमसत धुमसत आच आत उतरावी लागते. त्या दिवसांत एखाद्या टेकाडावर उभं राहिलं की चहूकडे धूर दिसतो. एक बारीकसा इकडे, दोन तिकडे, एखादा लांब डोंगराच्या पायाशी. ऊन कडक असतं, पळसाची फुलं झडून खाली पडलेली असतात आणि आभाळाचा रंग निळा म्हणावा की राखाडी, हे ठरत नाही. माझं त्या वर्षी जे काय झालं त्यात ह्या आभाळाचा मोठाच हात आहे.

त्या वर्षी म्हणजे माझी लेक पाचवीत होती तेव्हा. आता ती बारावीची परीक्षा देऊन घरात लोळते आहे. तेव्हा कुठलंसं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करून, त्याला चार डबे लावून, काही रविवार हौशी माणसांना कल्याणहून कसाऱ्यापर्यंत फिरवून आणायचं ठरलं होतं. हौशी माणसं दोन प्रकारची असतात. एक गाडीत बसणारी आणि दुसरी गाडीच्या मागे धावणारी. मी दुसऱ्यांतला. रविवारी पहाटे उठायचं, मोटरसायकल काढायची, आसनगावच्या पुढे कुठल्यातरी बांधावर कॅमेरा रोवून बसायचं. गाडी आली की सात-आठ सेकंद बटण दाबत राहायचं. ती गेली की कॅमेरा गळ्यात टाकून धूळ उडवत पुढच्या वळणावर तिला गाठायचं. खर्डीपर्यंत तीनदा गाठली तर तो रविवार चांगला. माझ्यासारख्या दहा-बारा जणांचा फोनवर एक गट होता. त्याचा म्होरक्या पराग, कल्याणचा औषधवाला. गटाचं नाव 'धुराडं'. त्या नावातच आमचं सगळं शहाणपण आलं.

माझी बायको सुनंदा म्हणायची, "स्वतःच्या लग्नात मुहूर्ताला उशिरा आलात, आणि हिच्यासाठी पाचला उठताय. सवत आणलीत ती पण शंभर टनांची!"

आणि गंमत अशी की, मी लहानपणी वाफेचं इंजिन पाहिलेलंच नाही. आमच्या मार्गावर विजेची तार माझ्या आजोबांच्या काळापासून आहे. माझ्या बालपणाला कोळशाचा वास नाही, तो डिझेलच्या एसटीचा आहे. मग त्या इंजिनाची शिट्टी ऐकली की मी हातातलं काम टाकून का उभा राहायचो? ज्याची आठवणच नाही त्याची आठवण कशी येते? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. शेवटी असं ठरवून टाकलं की ही आठवण माझी नसून मामांची आहे आणि मी ती काही दिवसांसाठी मागून आणली आहे.

मामा म्हणजे सुनंदाचे वडील, माझे सासरे. राहणार धसई, तालुका मुरबाड. ह्या तालुक्यात अजून रूळ नाही. येणार येणार म्हणून ऐकत आमची डोकी पिकली. अशा गावातला हा माणूस तरुणपणी घाटापलीकडे मनमाडला गेला आणि वाफेच्या इंजिनावर फायरमन झाला. म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. वाफेची इंजिनं मोडीत निघेपर्यंत त्यांनी तेच केलं, नंतर इंजिनांच्या शेडमध्ये दुसरी कामं केली आणि निवृत्त होऊन पुन्हा धसईला भात लावायला लागले. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांच्या वयाचे दोघेतिघे अजून त्यांची चेष्टा करायचे. "आमच्या तालुक्यात रूळ नाय, आनि हा म्हनं इंजिन हाकीत होता!" मामा हसायचे. म्हणायचे, "हाकायचा ड्रायव्हर. मी इंजिनाला जेवायला घालायचो."

पुरावा काहीच नव्हता. एवढी वर्षं इंजिनावर काढली, पण इंजिनाबरोबर एक फोटो नाही. एकदा शेडमध्ये फोटोवाला आला होता. सगळे इंजिनापुढे ओळीनं उभे राहिले, फोटो निघाला, त्याची एक प्रत मामांकडे आहे. त्यात मामा नाहीत. ते त्या वेळी त्याच इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून राख काढत होते. माझ्या लेकीनं तो फोटो उलटा-सुलटा करून विचारलं, "आजोबा, मग तुम्ही कुठायत?"

"मी हाय ना गो फोटोत. खाली हाय."

लेक हसली. मामाही हसले. पण नंतर त्यांनी तो फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि बराच वेळ चाकांच्या खालचा काळोख न्याहाळत राहिले. त्यांना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याची नजर कडांकडून आत आकसत चालली होती आणि गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. ह्या हंगामात, हा डोळा आहे तोवर, मामा आणि इंजिन एका फोटोत आणायचे. आजवर मी इंजिनाचे शेकडो फोटो काढले होते, ते कशासाठी काढतो हे मला सांगता येत नव्हतं. आता सांगता येत होतं, म्हणून मी खुशीत होतो.

खुशीतच मी एक चूक केली. तोवरचा माझा सर्वांत गाजलेला फोटो मोठा करून, चौकट करून धसईला घेऊन गेलो. आटगावच्या पुढचं वळण, इंजिन समोरून अंगावर येतंय, आणि धुराड्यातून धुराचा असा काळाकुट्ट लोट की मागचे डबे दिसत नाहीत. 'धुराडं' गटावर त्या फोटोची आरती ओवाळायचीच काय ती बाकी राहिली होती. मामा अंगणापलीकडच्या तुकड्यावर राबाचे थर पसरत होते. हात पुसून त्यांनी चौकट घेतली, उन्हात धरली, मान वाकडी करून चांगल्या डोळ्यापुढे आणली.

"कोन होता हा?" ते म्हणाले.

"कोण?"

"फायर करनारा. सगळा कोळसा एकदम वोतलाय भट्टीत. असा नाय करायचा रे." चौकट बांधाला टेकवून ते सांगायला लागले. "इंजिनाला थोडा थोडा घालायचा. पातळ पसरायचा. चारी कोपऱ्यांना पोचला पायजे. मग वर बघायचा. नुसती हवा हालताना दिसली पायजे, धूर नाय. धूर म्हंजे काय? जेवताना पानाबाहेर सांडलेला भात. आमाला ड्रायव्हर बोलायचा, वर बघ, तुझी लाज उडतेय."

मी चौकट बांधाकडे तोंड करून ठेवली. एक गोष्ट मला लपवायचीही होती. आणि मामांनी नेमकं तेच विचारलं.

"का तुमीच सांगितला त्याला, धूर काढ म्हनून?"

खोटं बोलता आलं नाही. परागची कुणाशी तरी ओळख होती. त्यानं आदल्या दिवशी निरोप दिला होता की वळणावर जरा काळा धूर द्या, पोरं फोटोला उभी आहेत. पोरं म्हणजे आम्ही, चाळिशी उलटलेली.

"मागून घेतलात?" मामा म्हणाले. "वाईट काम मागून घेतलात?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त गोंधळले होते. पाहुण्यानं मुद्दाम करपलेली भाकरी मागावी तसे ते माझ्याकडे बघत होते. मी काडेपेटी उचलली आणि राब पेटवायला गेलो. वारा मागून येत होता आणि मी त्याच बाजूनं काडी लावली. भडका उडाला. मामांनी धावत येऊन पायानं माती लोटली आणि समोरच्या, वारा जिकडे जात होता त्या कडेला बसून पुन्हा पेटवलं. आग वाऱ्याला तोंड देत इंच इंच मागे सरकू लागली. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमाला जाळ लय आवडतो."

घरी परतताना चौकट पाठीला बांधली होती. किन्हवलीपर्यंत मी एकच विचार करत होतो. मामांचं खरं मानलं तर माझे सगळे चांगले फोटो वाईट कामाचे होते. ज्या दिवशी काम चांगलं झालं असेल त्या दिवशीचे माझे फोटो फिके आले असणार आणि मी ते पुसून टाकले असणार. कितीतरी पुसले होते. मी कशाच्या मागे धावत होतो, इंजिनाच्या की सांडलेल्या भाताच्या? तरी तो काळा लोट मला आवडतच होता. आजही आवडतो. ह्यावर काय करतात, ते मला माहीत नाही.

शेवटचा रविवार आला. त्यानंतर गाडी बंद होणार होती. आदल्या दिवशी मामांना घरी आणून ठेवलं. सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, आणि कधी नव्हे ते सुनंदाला विचारलं, "बरा दिसतो ना गो?" सुनंदानं टोपी सारखी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आज नीट काढा हो." त्यात चेष्टा नव्हती.

आटगावच्या पुढे, तोंडपाठ असलेल्या बांधावर, पळसाखालच्या दगडावर मामांना बसवलं. तिथून रूळ चाळीसेक पावलांवर. गाडी आसनगावकडून येणार, समोरून जाणार आणि खर्डीच्या बाजूला वळणार. मामांना कुठे उभं करायचं, कॅमेरा कुठे लावायचा, सगळं मी पावलं मोजून ठरवलं होतं. उन्हं चढली. मामा रुळांकडे कान लावून बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. पराग. तो मागे एका टेकाडावर होता. "धूर दिसतोय! अलीकडच्या खोलगटात. हलत नाहीये, गाडी उभी आहे बहुतेक. पळ!"

मी वळून पाहिलं. खरंच, आसनगावच्या बाजूला झाडांवरून धुराचा जाड खांब सरळ वर चढला होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी उभी आहे! म्हणजे मामांना नुसतं इंजिनासमोरच काय, इंजिनाला हात लावून उभं करता येईल. ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबवतो, हातापाया पडतो. पण ढेकळांतून जायचं होतं आणि मामांचा गुडघा धरला होता.

"मामा, तुम्ही इथंच बसा. उभी असेल तर मी तुम्हाला न्यायला येतो."

"धूर दिसतोय म्हंतोस?" त्यांनी विचारलं.

"मोठा!"

"मग ती नसंल," असं काहीतरी ते म्हणाले. मी ऐकायला थांबलो नाही.

कॅमेरा छातीशी धरून पळत सुटलो. दुसऱ्या बाजूनं पराग आणि आणखी तिघे पळत येताना दिसले. झाडांची रांग ओलांडली, बांधावरून उड्या मारल्या आणि आम्ही पाच जण धापा टाकत थेट एका राबात जाऊन उभे राहिलो. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली एक काकी हातात लांब काठी घेऊन आमच्याकडे बघत होती. तिच्या पायाशी ओला पाला धुमसत होता.

"कुठं आग लागली रे तुमाला?" ती ओरडली. "पाय काढा आधी! सगळा राब तुडवलात!"

"काकी, इंजिन कुठाय?" परागनं विचारलं.

"कुठला इंजिन?" ती काठी उगारून म्हणाली. "मानसाला राब नि इंजिन कळंना झाला काय? शिकलेली दिसताव नि!"

आणि तेव्हाच शिट्टी झाली. आमच्या मागे, पळसाच्या बाजूला. लांब, एक सुरातली. आम्ही राबावर वाद घालत असताना गाडी खोलगटातून झाडांपलीकडून निघून गेली होती. चाळीस माणसांनी छाती फुटेस्तोवर धावावं इतका मी एकटा धावलो. पोहोचलो तेव्हा शेवटचा डबा खर्डीच्या वळणाआड जात होता. रूळ अजून थरथरत होते.

मामा उभे होते. दगडावरून उठून, गुडघा धरलेला असताना, रुळांच्या दिशेनं वीसेक पावलं चालून गेलेले. एक हात अर्धवट वर. त्यांनी तो कुणाला तरी दाखवला होता आणि खाली घ्यायला विसरले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि मला रडू आलं. लाज वाटून आलं. माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं.

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धूर नाय."

"मामा, मी..."

"धूर नाय रे! बघ वर. पोरगा दिसला मला, फावडा घेऊन उभा होता. मी हात केला, त्यानं पन केला. काय फायर केलाय! आता गेलीय गाडी, आनि आभाळ बघ. काय सांडला नाय." त्यांचा चांगला डोळा वाहत होता. "काढ आता फोटो."

"कशाचा काढू? गाडी गेली, मामा."

"काढ म्हंतो ना. मी असा उभा राह्यतो. वर आभाळ येऊ दे सगळा."

मी काढला. मामांची पाठ आणि थोडा गाल, रिकामे रूळ, विजेच्या तारा, आणि वर खर्डीच्या बाजूचं मोठं आभाळ. एकच काढला. नंतर पराग आला. पडद्यावर पाहून म्हणाला, "अरेरे. हुकलंच ना."

मामांनी मात्र तोच फोटो चौकट करून मागितला. माझ्या काळ्या लोटाच्या चौकटीतूनच तो फोटो काढून हा बसवला. धसईत ओटीवर लावला. आल्यागेल्याला ते तिथे नेऊन उभं करत. "हे बघा. मी नि इंजिन." लोक बघत. इंजिन शोधत. मग मामा सांगत, "गाडी जाऊन मिनिट झाला नसंल. आभाळ बघा कसा हाय. असा आभाळ ठेवायचो आमी." टपरीवरच्या दोघातिघांना हे कितपत पटलं, देव जाणे. पण चेष्टा थांबली. माझ्या लेकीनं शाळेच्या वहीत तो फोटो चिकटवून खाली लिहिलं होतं, 'माझे आजोबा आणि त्यांचं इंजिन'. बाईंनी इंजिनाच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी तेव्हापासून इंजिनामागे धावत नाही. सोडलं असंही नाही. मनात येतं, कॅमेरा काढतो, पुसतो, ठेवतो.

आता मामांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या रविवारी धसईला गेलो होतो. गावभर राबाचा वास, आणि मामा ओटीवर, फोटोच्या खाली बसलेले. काच धुळकटली होती म्हणून सुनंदानं चौकट उतरवली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी फोटो दारापाशी उजेडात नेला. इतक्या वर्षांत मी तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. प्रत्येक वेळी माझी चूकच आधी दिसायची आणि मी नजर काढून घ्यायचो.

वळणाच्या वर, डोंगराच्या काठाला लागून, एक राखाडी रेघ आहे. बारीक, थोडी वाकलेली. त्या काकीचा राब तो नव्हे. तो माझ्या पाठीमागे, आसनगावच्या बाजूला होता. ही रेघ गाडी गेली त्या बाजूची आहे. चैत्रातलं आभाळ, तिकडेही कुणी राब पेटवला असेल. किंवा वळण संपल्यावर चढ लागला असेल आणि त्या पोरानं दोन फावडी जास्त टाकली असतील. मी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. सुनंदानं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साफ केली काय रे काच?" मामांनी ओटीवरून विचारलं.

"हो."

"आभाळ कसा हाय?"

एकदा मी राबाचा धूर इंजिनाचा समजून धावलो होतो. आता हा इंजिनाचा असला, तरी मी राबाचाच समजणार आहे.

"साफ आहे, मामा," मी म्हटलं, आणि चौकट पुन्हा खिळ्याला लावली.